चौदा मालकिणी आणि एक कापसाचं शेत

सिनेमा चालला की युनिटच्या लोकांना पार्ट्या मिळतात, ट्रॉफ्या मिळतात, पेपरात फोटो येतात. सिनेमा पडला की मिळतात फक्त किस्से! आमचा सिनेमा असा काही आपटला की माझ्याकडे किश्श्यांचं गोदाम झालंय. दुकानात गिऱ्हाईक नसलं की कुणीतरी मैत्रीण टेकते आणि म्हणते, "शोभा, त्या गुलामांच्या पिक्चरचं सांग ना." मी एक सांगायला घेते आणि चहा संपेपर्यंत चार होतात.

माझं अंबरनाथला फॅन्सी ड्रेसचं दुकान आहे. शाळांची गॅदरिंग आली की पोपट, परी, टोमॅटो, वासुदेव, मावळे, सगळं माझ्याकडून भाड्याने जातं. गेल्या एप्रिलमध्ये एका दुपारी दोन माणसं दुकानात आली. एक मुरलीशेठ. उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये त्यांचा जीन्सचा कारखाना. दुसरे अद्वैत सर. वय बत्तीस, आणि भर उन्हात गळ्यात मफलर! त्यांच्या एका शॉर्ट फिल्मला कुठेतरी बक्षीस मिळालं होतं. तेव्हापासून ते आपलं नाव सांगण्याआधी 'अवॉर्ड विनिंग' लावायचे.

"आम्हाला चाळीस गुलाम हवेत," सर म्हणाले.

"चाळीस नाहीत हो, एकच आहे," मी म्हटलं. "बदामचा. मागच्या वर्षी एका शाळेने पत्त्यांचं नाटक केलं होतं ना, तेव्हाचा."

सरांनी डोळे मिटले. मग मला समजावून सांगितलं. अमेरिकेचा दक्षिण भाग. दोनशे वर्षांपूर्वीचा काळ. मैलोन्‌मैल कापसाची शेतं, गोरे मालक आणि आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम. त्यावर सिनेमा. नाव 'गोरे मालिक का खेत'. शूटिंग बदलापूरजवळ!

"अमेरिकेचा सिनेमा बदलापुरात?" मी विचारलं.

मुरलीशेठ हसले. "ताई, आमच्या कॅम्पात सगळा माल 'मेड इन यूएसए'च असतो ना!"

आता आमच्या भागात यूएसए म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण शेठ स्वतःच म्हणाले म्हटल्यावर मी काय बोलणार?

कपडे मी शिवायचे असं ठरलं. जाड्याभरड्या कापडाचे सदरे, लुगड्यांसारखे झगे, असं मी वहीत काढूनही ठेवलं. दुसऱ्या दिवशी शेठचा टेम्पो दारात! आत सहा गोण्या जीन्स. एक्स्पोर्टमधून नापास होऊन परत आलेला माल.

"शेठ, दोनशे वर्षांपूर्वीच्या गुलामांना जीन्स?"

"जीन्स अमेरिका का है के नहीं?"

"आहे. पण सगळ्या गुडघ्यावर फाटलेल्या आहेत."

"फटेला है तभी तो गुलाम है!" शेठ म्हणाले. "ताई, दुकान में यही फटेला डबल में जाता है. आमचे गुलाम एकदम ब्रँडेड!"

*

मग आली पात्रनिवड. गोरा मालक कुठून आणायचा? सरांना परदेशी नट हवा होता, शेठना परवडणारा हवा होता. शेवटी सापडले घैसास काका. अंबरनाथच्या एका केमिकल फॅक्टरीत तीस वर्षं सेफ्टी ऑफिसर होते, आता निवृत्त. गोरेपान, घारे डोळे, पांढरे कल्ले. आमच्या हौशी नाटक मंडळींत कायम वडिलांचं काम करायचे. स्वभावाने इतके मऊ की रिक्षावाल्याने सुट्टे नाहीत म्हटलं तरी हेच सॉरी म्हणायचे.

सरांनी त्यांना हॅट घालून बघितलं आणि म्हणाले, "परफेक्ट! क्रूर दिसताय!"

काका घाबरून म्हणाले, "खरंच? आमची ही कधी बोलली नाही तसं."

खरी गंमत झाली बायकांची. सरांनी फेसबुकवर टाकलं, 'गुलामगिरीवरील वादग्रस्त चित्रपटासाठी स्थानिक महिला कलाकार हव्यात'. सिनेमाचा एक शॉटही झाला नव्हता, पण वादग्रस्त आधीच होता! ऑडिशनला गर्दी झाली. कुणी भिशीतल्या, कुणी झुंबातल्या, कुणी नवऱ्यासोबत कार घेऊन आलेल्या. प्रत्येकीने रडून दाखवलं. "अन्याय" हा शब्द मी त्या दिवशी जितक्या वेळा ऐकला तितका जन्मात ऐकला नसेल.

सर भारावले. म्हणाले, "वा! आता हात वर करा, गुलाम कोण करणार?"

सगळ्यांचे हात पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले.

मग एक मॅडम म्हणाल्या, "सर, उन्हात उभं राहायचंय ना? मला टॅनिंग होतं." दुसरी म्हणाली, "सासरचे बघणार, त्यांना गुलाम म्हणून दाखवू का?" तिसरीने सरळ विचारलं, "तो फुग्याच्या बाह्यांचा झगा कुणाला मिळणार?"

संध्याकाळी मी यादी बघितली. एका शेतावर चौदा मालकिणी आणि गुलाम शून्य!

*

गुलाम मिळाले ते जांभूळ गावाच्या पुढच्या कातकरवाडीत. शेठचा ड्रायव्हर जाऊन विचारून आला. रोजाने माणसं लागणार, काम उन्हातलं, एक जेवण. वाडीला हे काम नवं नव्हतंच, फक्त समोर कॅमेरा असणार होता. चाळीस जण आले. त्यांच्या वतीने बोलायची सोनी हिलम. पस्तिशीची, काटक बाई. ती कधी आवाज चढवायची नाही. समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यायची, मग एकच वाक्य बोलायची आणि तेवढ्याने समोरचा गार व्हायचा.

पहिल्याच दिवशी सरांनी मेकअपवाल्याला सांगितलं, सगळ्यांना काळा रंग फासा. तीन छटांच्या तीन डब्या आल्या. सोनीने डबी हातात घेऊन बघितली, झाकण लावलं आणि परत दिली.

"रंगच फासायचा व्हता तर आमाला कशाला बोलावलंत? तुमी घरच्या घरी फासून घ्यायचा ना, साहेब."

सरांनी डब्या परत पाठवल्या. मग म्हणाले, "ओके. नो मेकअप. आपण ऑथेंटिक जाऊ." आणि पुढे प्रत्येक मुलाखतीत सांगत फिरले की मेकअप न वापरण्याचा धाडसी निर्णय त्यांचा स्वतःचा होता!

*

शूटिंगची जागा म्हणजे एका बिल्डरचा प्लॉट. सात टॉवर होणार होते. टॉवरचा पत्ता नव्हता, पण क्लबहाऊस आधी बांधून तयार, मोठमोठ्या पांढऱ्या खांबांचं. तोच गोऱ्या मालकाचा वाडा. समोरच्या मोकळ्या जमिनीत झुडपं रोवली आणि गादीवाल्याकडून आणलेला कापूस गोंदाने एकेका फांदीला चिकटवला. दोन दिवस आम्ही तेच करत होतो. माझ्या बोटांचे ठसे गेले असतील.

कापूस वेचण्याचा सीन. सरांनी "ॲक्शन!" म्हटलं आणि वाडीच्या बायका कामाला लागल्या. मी सांगते, अशी वेचणी मी बघितली नाही. दोन्ही हातांनी, मान वर न करता, सरसर सरसर. सरांचा कॅमेरा डावीकडून उजवीकडे जाईपर्यंत निम्मं शेत साफ!

"कट! कट!" सर ओरडले. "अहो, इतक्या भराभर नाही! तुम्ही गुलाम आहात. हळूहळू तोडा. थांबून आभाळाकडे बघा. दुःखाने तोडा!"

पुन्हा कापूस चिकटवला. पुन्हा "ॲक्शन!" पुन्हा तेच. सवयीचे हात, ते थांबतायत कुठे? तिसऱ्यांदा सर स्वतः शेतात उतरले. एक बोंड घेतलं, छातीशी धरलं, आभाळाकडे बघितलं, उसासा टाकला, मग टोपलीत टाकलं. "असं! कळलं? सावकाश!"

सोनी कंबरेवर हात ठेवून बघत होती. म्हणाली, "साहेब, इतक्या सावकाश तोडू दिलं असतं तर दुःख कशाला झालं असतं?"

सरांनी तो सीन शेवटी चौदा मालकिणींवर घेतला. त्या फार छान आभाळाकडे बघत होत्या.

*

आता हा किस्सा माझा स्वतःचा आहे आणि तो सांगताना मला हसू येत नाही. पण दुसऱ्यांचं सांगायचं आणि आपलं झाकायचं, हे बरं नाही.

सेटवर जेवणाची दोन टेबलं असायची. क्लबहाऊसच्या आत पनीर, जिरा राईस, बाटलीबंद पाणी. बाहेर पत्र्याच्या शेडखाली वडापाव आणि टाकीचं पाणी. प्रॉडक्शनवाल्या मुलाने कागदावर लिहूनच लावलं होतं, 'मालक लोक आत. गुलाम लोक बाहेर.' पहिल्या दिवशी सगळे हसले. काय पण जोक, म्हणाले. दुसऱ्या दिवशी कुणी हसलं नाही. तिसऱ्या दिवशी तो जोक राहिलाच नव्हता. "ए गुलाम, बाजूला सरक." "गुलामांना गाडीत मागे बसव." "दोन गुलाम कमी आहेत, कुठे गेले बघ." कॅमेरा बंद असतानाही!

तर मी कपड्यांची यादी करत होते. कुणाला कुठला झगा, कुठला नंबर. सोनी शेजारी येऊन उभी राहिली. तिला थोडं वाचता येतं हे मला माहीत नव्हतं. तिने बोट ठेवून एकेक ओळ वाचली.

"ह्यात माझं काय लिवलंय?"

मी बघितलं. माझ्याच सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'गुलाम बाई सात'.

"अगं, ते कपड्यांपुरतं," मी म्हटलं.

"तुमच्या पोपटाच्या डरेसला बी नाव हाय," ती म्हणाली. "तुमी कापडं आणली त्या पिशवीवर लिवलंय, मिठू."

मी त्या दिवशी संध्याकाळी चाळीस नावं विचारून लिहून काढली. हे मी कौतुकाने सांगत नाही. चार दिवस मला ती विचारायचं सुचलं नव्हतं, म्हणून सांगतेय.

*

घैसास काकांचा चाबकाचा सीन! वाड्यासमोर मालक संतापतो आणि गुलामांवर चाबूक उगारून गरजतो. चाबूक सुतळीचा, आत कापूस. तरी काकांना जमेना. पहिल्या टेकला त्यांनी चाबूक उगारला, हवेत फिरवला आणि लगेच समोरच्या माणसाला विचारलं, "लागलं नाही ना हो?" दुसऱ्या टेकला म्हणाले, "ह्यांना डोळ्यांना गॉगल द्या, सुतळीची कुसळं उडतात." तीस वर्षांची सेफ्टी ऑफिसरकी! अकरा टेक झाले.

शेठ वैतागले. "काका, गुस्सा लाओ! घर में कभी गुस्सा नहीं आया क्या?"

"येतो ना," काका म्हणाले. "पण मी तेव्हा गॅलरीत जाऊन उभा राहतो."

दुपारचा दीड वाजला होता. ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. त्या जाड जीन्स, वर माझे झगे. ओळीत उभी असलेली एक मुलगी, सोनीची भावजय, पाच महिन्यांची गरोदर, ती एकदम खाली बसली आणि तशीच आडवी झाली. आम्ही धावलो. सोनीने तिचं डोकं मांडीवर घेतलं. मी ओरडले, "पाणी आणा!" प्रॉडक्शनवाला जवळच उभा होता, हातात थंड बाटल्यांचा बॉक्स. तो म्हणाला, "ताई, टाकीचं आणतो. ह्या बाटल्या मालक लोकांच्या आहेत. मोजून दिल्यात."

आणि घैसास काका फुटले!

काय आवाज होता तो! "माणसं आहात की जनावरं तुम्ही? हलकटांनो! तीन तास उन्हात उभं केलंय! एकाला सावलीची अक्कल नाही! आण ती बाटली इकडे, नाहीतर फोडून काढीन एकेकाला!" हातातला चाबूक त्यांनी त्या बॉक्सवर असा हाणला की बाटल्या घरंगळत गेल्या. चेहरा लालबुंद, मानेच्या शिरा ताठ. प्रॉडक्शनवाल्याने बाटल्या उघडून दिल्या. मुलीने डोळे उघडले. काकांनी शेठची गाडी मागवून तिला बदलापूरला दवाखान्यात पाठवलं आणि स्वतः सोबत गेले. मुलगी सुखरूप होती. बाळही.

हे सगळं होत असताना अद्वैत सर काय करत होते माहितीये? कॅमेरामनच्या कानाशी लागून हळूच म्हणत होते, "रोल कर, रोल कर, थांबू नको!"

दोन महिन्यांनी ट्रेलर आला. त्यात तो शॉट! काकांचा तो चेहरा, तो चाबूक. शॉटमधून बाटल्या कापून टाकलेल्या. काकांच्या तोंडी डबिंग दुसऱ्याच कुणाचं तरी, "काले कुत्तों, काम करो!" पुढच्याच क्षणी जमिनीवर पडलेली ती मुलगी. म्हणजे तिच्यासाठी चिडलेला माणूस तिच्यावरच चिडलेला दाखवला!

लोकांनी तोंडभर कौतुक केलं. "घैसास, काय क्रौर्य आणलंय डोळ्यांत!" काका सकाळी फिरायला जायचे ते बंद झाले. मी घरी भेटायला गेले तर म्हणाले, "शोभाताई, आयुष्यात एकदाच खरा चिडलो. तेवढाच राग नेमका चुकीच्या बाजूला लागला."

*

पळून जाण्याचा सीन मात्र एका टेकमध्ये झाला.

रात्रीचा सीन दिवसा घ्यायचा, नंतर कॉम्प्युटरवर अंधार करायचा, असं ठरलेलं. गुलाम शेत सोडून नदीच्या दिशेने पळतात. सरांनी सगळ्यांना गोळा केलं आणि भाषण दिलं. "हे लक्षात ठेवा, मागे वळून बघायचं नाही! मागे मालक आहे, अपमान आहे, उपासमार आहे. पुढे स्वातंत्र्य आहे. जीव तोडून पळा! मी काहीही ओरडलो तरी थांबू नका!"

"नक्की ना?" सोनीने विचारलं.

"नक्की!"

"ॲक्शन!" आणि चाळीस जण सुटले. म्हातारे, बायका, सगळे. असं पळणं की धूळ वाड्याच्या खांबांपर्यंत आली. सरांच्या डोळ्यांत पाणी! "ब्यूटिफुल… ब्यूटिफुल… अँड कट!"

ते पळतच होते.

"कट! अहो, कट! झालं! या परत!"

ठिपके लहान झाले. बांध ओलांडला. गेले!

शेठ कपाळावर हात मारून बसले. "अरे, उनका दूसरा सीन बाकी है! और मेरी चालीस जीन्स!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे वेळेवर हजर. जीन्स धुऊन, घड्या घालून आणलेल्या. सर चिडून म्हणाले, "काल परत का आला नाहीत?"

सोनीने शांतपणे सांगितलं, "तुमीच म्हणालात, काय बी ओरडलो तरी थांबू नका. आमी मालकाचं ऐकलं."

*

ट्रेलरनंतर सिनेमा खरोखरच वादग्रस्त झाला. कारण ट्रेलरमध्ये शेवटी दाखवलं होतं की मालकाला पश्चात्ताप होतो, तो गुलामांना मोकळं करतो आणि गुलाम त्याच्या पाया पडून रडतात, की आम्हाला सोडून जाऊ नका मालक! परदेशातल्या लोकांनी इंटरनेटवर सरांना झोडलं. इथल्या शिकल्यासवरल्या पोरांनीही झोडलं. सर मुलाखतीत म्हणाले, "मला दुसरी बाजूही दाखवायची होती."

मी हे सोनीला मोबाइलवर दाखवलं. ती म्हणाली, "दुसरी बाजू? चाबूक खाताना माणसाला एकच बाजू असती बाई, पाठ."

सोनी नऊ वर्षांची असताना तिच्या आईबापाला वीटभट्टीवाल्याने उचल फिटली नाही म्हणून दोन पावसाळे घरी सोडलं नव्हतं. हे तिने मला तेव्हाच सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून. कापसाच्या सिनेमासाठी सरांनी अमेरिकेतली सतरा पुस्तकं वाचली होती. वीस पावलांवर बसलेल्या बाईला एक प्रश्न विचारला नव्हता!

मग मोर्चा काढायचं ठरलं. कुठल्याशा संघटनेचे चार कार्यकर्ते माझ्या दुकानात आले. म्हणाले, "ताई, आम्ही त्या गुलामांच्या पिक्चरविरुद्ध आंदोलन करतोय. माणसाची विटंबना आहे ती."

"बरोबर आहे," मी म्हटलं.

"तर आम्हाला गुलामांचे ड्रेस पाहिजेत. दहा. साखळ्या असतील तर साखळ्यापण. टीव्हीवाले येणार आहेत."

मी शूटिंगनंतर माझ्याकडेच पडून असलेल्या फाटक्या जीन्स आणि प्लॅस्टिकच्या साखळ्या काढून दिल्या. त्यांचा नेता आरशासमोर उभा राहून साखळी गळ्यात अडकवत होता. म्हणाला, "मी नको. मी भाषण करणार. मला दुसरं काहीतरी द्या. मालकाची हॅट आहे का?"

*

आता शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही, कारण सांगितल्यावर लोक मलाच प्रश्न विचारतात.

शूटिंगच्या शेवटच्या आठवड्यात सरांना एक गाणं हवं होतं. दिवसभर राबून गुलाम शेकोटीभोवती बसलेत आणि आपल्या मायदेशाचं गाणं म्हणतायत, असा सीन. संगीतकाराची चाल सरांना आवडेना. शेवटी ते वाडीच्या लोकांना म्हणाले, "तुमचं एखादं गाणं म्हणा. तुमच्या भाषेतलं. अगदी काळजातलं. दुःखाचं."

सोनी आणि दोन म्हाताऱ्या बाजूला जाऊन कुजबुजल्या. बराच वेळ. मग येऊन बसल्या. सोनीने सुरुवात केली, बाकीच्यांनी धरलं. मला एक शब्द कळला नाही. चाल संथ, ओढलेली, ओळीच्या शेवटी आवाज खाली जायचा. चाळीस माणसं खाली माना घालून गात होती. कुणी गुडघ्यात तोंड खुपसलेलं, कुणाचे खांदे हलत होते. आमच्या मालकिणींनी रुमाल काढले. मीही डोळे पुसले, खोटं कशाला बोलू? सर तर मफलरमध्ये तोंड लपवून हुंदके देत होते. गाणं संपल्यावर म्हणाले, "दुःखाला भाषा नसते. एक शब्द कळला नाही, पण सगळं कळलं!"

खाली इंग्रजी आणि मराठी ओळी सरांनी स्वतः लिहिल्या. कुणाला अर्थ विचारला नाही.

पहिला खेळ बदलापुरात एक हॉल घेऊन ठेवला होता. बाहेर मोर्चा, आत पाहुणे. मी हट्टाने वाडीच्या सगळ्यांना बोलावलं होतं. घैसास काकांनी दारात उभं राहून त्यांना पहिल्या दोन रांगांत बसवलं. शेठच्या नातेवाइकांना मागे जावं लागलं, पण काकांशी वाद घालायची आता कुणाची हिंमत नव्हती.

सिनेमा सुरू झाला. पाऊण तासात लोक मोबाइल बघू लागले. मग ते गाणं आलं. अंधार, शेकोटी, खाली माना घातलेली माणसं. पडद्यावर मराठी ओळ उमटली, 'हे नदीमाय, माझे अश्रू माझ्या गावी घेऊन जा.'

पहिल्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं.

दुसरी ओळ आली, 'माझ्या साखळ्यांचा नाद तुला ऐकू येतो का?' आणि दोन्ही रांगा फुटल्या! म्हाताऱ्या एकमेकींच्या खांद्यावर पडून हसत होत्या. सोनीच्या भावजयीने पोटावर हात दाबून धरला होता. एक आजोबा खुर्चीवरून उतरून खालीच बसले. पडद्यावर प्रत्येक नवी ओळ आली की नवा हशा. मागे बसलेले पाहुणे "शूऽऽ" करत होते. आणि तेव्हा मला शूटिंगच्या दिवशीचे ते हलणारे खांदे आठवले.

मध्यंतरात सर धावत आले. चेहरा पांढराफटक. "सोनीताई, काय झालं? गाण्याचा अर्थ काय आहे?"

सोनीने पदराने डोळे पुसले. अगदी गंभीर तोंड केलं. "दुःखाचं हाय, साहेब."

मागून एका म्हातारीला पुन्हा उबळ आली.

सर गेल्यावर मी सोनीला कोपऱ्यात घेतलं. "मला तरी सांग गं. सरांवर आहे ना? शेठवर आहे?"

"हाय ना. मफलरवर एक हाय, जीन्सवर दोन हायत."

मी हसले. खूप हसले. ती माझं हसणं संपेपर्यंत थांबली. नेहमीप्रमाणे.

मग म्हणाली, "चौथं कडवं तुमचं हाय, बाई."